गुरुवारी पाहिलेलं घर

शैला, भांडण अर्ध्यावर टाकून उठायची तुझी खोड जुनीच. मी ऐन रंगात आलेली असायचे आणि तू म्हणायचीस, थांब गो, भात बघून येते. भात बघून आलीस की चेहरा असा, जसं काही झालंच नाही. मी आपली एकटीच धुमसत बसायचे. पण या खेपेला तू हद्द केलीस. आपलं घराचं भांडण निम्म्यावर आलेलं, माझे निम्मे मुद्दे अजून पोटातच, आणि तू ताप अंगावर काढत काढत दवाखान्यात गेलीस ती परत आली नाहीस. आता मी कुणाशी भांडू? समोर वायसर पसरलाय. मॅडम कपाटावर चढून माझ्याकडं बघतीय. एक कुत्रा, एक मांजर, आणि दोघंही तुझ्या पार्टीतले.

तू गेल्यावर सगळे मला एकच विचारत होते, त्या तुमच्या कोण? दवाखान्यात विचारलं, तुझ्या भावानं विचारलं, लाइनवर नव्यानं आलेल्या पोरींनीही विचारलं. काय सांगायचं? बहीण म्हणावं तर तू चिपळूणकडची, मी बार्शीची. मैत्रीण म्हणावं तर मन भरत नाही. मी सांगितलं, आम्ही एका लाइनवर होतो. गाडीतल्या वायरींच्या जुड्या बांधायच्या, टेप गुंडाळायची, बोर्ड पुढं सरकला की पुढची जुडी. तू कायम माझ्या डाव्या हाताला. एकीच्या पगारात धड खोली मिळत नव्हती म्हणून एकत्र राहायला लागलो. मला माझा नवरा नको होता, तुला मुळात नवराच नको होता. मग राहिलोच. यात सांगण्यासारखं काय आहे? पण लोकांना तेवढं पुरत नाही.

वायसरही तसाच राहिला. पिंपरीच्या जुन्या कंपनीच्या गेटवर ते पिल्लू तुझ्या डब्याच्या वासानं मागं लागलं. सगळं अंग तांबडं आणि गळ्याभोवती पांढरं कडं. तू म्हणालीस, बघ, बोल्टासारखा वायसर घालूनच आलाय. मी तेव्हाच बजावलं होतं की हे ध्यान आपल्या थेरगावच्या खोलीचा उंबरा ओलांडणार नाही. आठवडा झाला नसेल, तो माझ्या पायावर झोपायला लागला. मांजर आलं ते तर कुणाला न विचारताच. आत यायचं, सगळीकडं नजर फिरवायची, नाक मुरडायचं आणि निघून जायचं. तू म्हणालीस, ही तर आपल्या ऑफिसातली मॅडम. तेच नाव पडलं.

थेरगावात आपलं बरं चाललं होतं. मग कंपनीनं लाइन चाकणला हलवली. बस डांगे चौकातून अंधारात निघायची, पुढं ट्रॅफिकमध्ये अडकत अडकत कंपनीत, आणि तशीच परत. आपण येईपर्यंत वायसर दारामागं पाय आवळून बसलेला. त्यालाही वय झालं होतं, मागच्या पायांना तिसरा मजला झेपेना. तू त्याला उचलून जिने चढायचीस आणि वर येऊन धापा टाकत मलाच सांगायचीस, वजन कमी झालंय हो याचं. तेव्हा ठरलं की चाकणच्या रस्त्याला जवळ घर बघायचं. तुझी अट एकच, तळमजला. माझ्या अटी पाण्याच्या, बसच्या थांब्याच्या, आणि मालकीण सारखी डोकावणारी नको.

त्या घरं बघण्यात आपण किती हसलो गं. पिंपळे सौदागरला त्या मोठ्या सोसायटीत गेलो होतो, कुणीतरी सांगितलं म्हणून. भाडं ऐकायच्या आधीच आपलं काम नाही हे कळलं होतं, पण तुला आतून बघायची हौस. तिथल्या एजंटानं वायसरकडं बघून विचारलं, ब्रीड कोणती? तू म्हणालीस, पिंपरी गेट. तो मोबाइलमध्ये शोधायला लागला. चिखलीत एका मालकानं विचारलं, दोघीच का, मिस्टर कुठं असतात? तू वायसरची साखळी जरा पुढं केलीस. मला हसू दाबता येईना, आणि ते घर गेलं. मी रस्ताभर तुला बोलत होते. घरं अशी मिळत नसतात, जरा तोंड आवरत जा, दोन बायका आणि वर जनावरं, आपल्याला कोण उभं करणार? तू म्हणालीस, जो कुत्र्याला उभं करील तोच आपल्यालाही नीट वागवील. कुत्र्याला दारात हाकलणाऱ्याकडं आपण तरी कशाला राहायचं?

तुझी पद्धत ठरलेली. घराचं कुलूप काढलं की आधी वायसर आत. आपण दोघी उंबऱ्याबाहेर. तो हुंगत हुंगत खोल्या फिरणार, आणि बसला तर घर पसंत. एजंट लोक डोक्याला हात लावायचे. मी म्हणायचे, भाडं काय तो भरणार आहे का? पण मलाही ते मनातून आवडायला लागलं होतं. बिचारा दिवसभर घरात एकटा असणार तो. मग घर त्यानंच बघायला पाहिजे, हे तुझं म्हणणं काही अगदीच खुळ्यासारखं नव्हतं.

तळवड्याचं घर त्यानंच निवडलं. दोन खोल्या, तळमजला, पुढं ओटा, मागं मोरी. वायसर आत गेला, एक चक्कर मारली आणि फरशीवर अंग टाकून डोळेच मिटले त्यानं. मालकीणबाई तिथल्याच जुन्या घरातल्या, त्या म्हणाल्या, लई शांत हाय बगा. आणि खरंच शांत होतं. चिमणीचा आवाज ऐकू येत होता. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, नाही म्हणू नकोस, मी बघितलं. तिथल्या तिथं डिपॉझिट देऊन मोकळ्या झालो.

वार कोणता होता? गुरुवार.

बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो म्हणेल, बरं मग? त्याला काय माहीत, या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. वीज गुरुवारी बंद, म्हणून कारखाने गुरुवारी बंद, म्हणून सुट्टी गुरुवारी, म्हणून घरं बघायची, लग्नं जमवायची, दात काढायचे ते सगळं गुरुवारी. घराच्या मागच्या भिंतीला लागून एक पत्र्याची शेड होती. शटर बंद. आपण दोघींनी ते शटर बघितलं. अख्खा जन्म कारखान्यात काढलेल्या दोन बायका, समोर बंद शटर, वार गुरुवार, आणि एकीच्याही डोक्यात काही येऊ नये? सामान हलवलं तेही पुढच्या गुरुवारी. संध्याकाळी ओट्यावर चहा पीत तू म्हणालीस, आता मरेपर्यंत हलायचं नाही इथून.

शुक्रवारी सकाळी प्रेस सुरू झाला. पत्र्याला ठोके देऊन काहीतरी कापायचा मोठा प्रेस. धाड. मग थांबायचा. आता संपलं वाटेपर्यंत परत धाड. मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींवर वाजायला लागल्या. वायसर जो पलंगाखाली गेला तो तिथंच, सगळं अंग थरथरतंय, ना पाणी ना भाकरी. तू पोटावर झोपून त्याला बाहेर काढायला बघतेस आणि मी मालकीणबाईंकडं गेले तणतणत. म्हटलं, हा आवाज कसला? त्या शांतपणे म्हणाल्या, कंचा आवाज? त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना तो आता ऐकूच येत नव्हता.

तिथून आपलं भांडण लागलं. दुसरं घर बघायचं, असं तुझं. होईल त्याला सवय, असं माझं. इतक्या मिनतवारीनं घर मिळालेलं, कुत्र्या-मांजरासकट कुणी घेत नाही, बसचा थांबा दारात, पाणी दोन वेळ. मॅडमनं तर त्या शेडच्या पत्र्यावर उन्हाची जागा धरली होती, खाली प्रेस आपटतोय आणि वर ही पाय चाटतीय. मी म्हणायचे, हिच्याकडून शीक म्हणावं त्याला जरा. तू म्हणायचीस, ती बहिरी आहे का निर्लज्ज आहे हे तिचं तिला माहीत, पण त्याला सोसत नाही ते दिसतंय ना? मी म्हणायचे, आपण नाही का लाइनवर सगळा जन्म आवाजात काढला? माणसाला सोसतं ते कुत्र्याला सोसायला काय झालं? तू माझ्याकडं बघायचीस आणि भात बघायला जायचीस.

सेकंड शिफ्टच्या आठवड्यात आपण घरी यायचो तेव्हा गल्ली झोपलेली असायची. डोळा लागतो न लागतो तोच सकाळी धाड. माझं अर्धं डोकं ठणकायला लागायचं. मी ओढणी कपाळाला करकचून बांधायचे आणि तू विचारलंस की सांगायचे, ऊन लागलं. पावसाळ्यातही मला ऊनच लागायचं. तू बाम पुढं करायचीस आणि मी म्हणायचे, तुझा बाम तुझ्याकडं ठेव, मला काही झालेलं नाही. कुत्र्याच्या भांडणात मी एकदा म्हटलं की सवय होते, मग माझंच डोकं दुखतंय असं कुठल्या तोंडानं सांगणार होते? आमचा स्वभाव तुला माहीत. तू त्याला बार्शीची मिरची म्हणायचीस.

पाऊस ओसरता ओसरता वायसर पलंगाखाली जायचा थांबला. प्रेस चालू आहे आणि हा मधल्या दारात पाय पसरून घोरतोय. मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, बघ, झाली की नाही सवय? तू त्याच्या कानामागं खाजवत राहिलीस. मला वाटलं, हरलीस म्हणून गप्प बसलीस. पण दुसऱ्याच दिवशी परत तुझं चालू, दिवाळीच्या आत घर बदलायचं. सवय वगैरे काही नाही, तो आतल्या आत सोसतोय, तुला दिसत नाही. मी म्हटलं, आता मात्र तू हट्टाला पेटलीस. तेव्हापासून आणखी एक नवीन खूळ काढलंस, त्याला हाक मारायच्या ऐवजी टाच आपटायचीस फरशीवर. दोनदा आपटली की तो उठून तुझ्याकडं. मी किती ओरडले असेन त्या टाचेवरून. म्हटलं, एक प्रेस मागं कमी होता म्हणून दुसरा घरात आणलास का? तू हसायचीस आणि परत आपटायचीस.

मग तो ताप. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे.

तुझा भाऊ आला. माणूस वाईट नाही. तुझी ट्रंक घेतली, देवाचा छोटा गणपती घेतला, आणि जाताना वायसरकडं बघून म्हणाला, याला आता सोडून द्या रस्त्यावर, कुत्रं आहे, जगतं. लाइनवरच्या बायकांनीही तेच जरा गोड करून सांगितलं. कुणी म्हणालं आश्रमात ठेवा, कुणी म्हणालं, तुम्ही आता एकट्या, लेडीज हॉस्टेलला या, कॉट आहे, डबा आहे, काय कमी आहे? खोटं कशाला सांगू, एक दिवस माझ्याही मनात आलं. डबा हातात मिळेल, प्रेस नाही, पलंगाच्या दुसऱ्या कडेला मोकळी जागा नाही.

त्या दिवशी मी फोनमधला तुझा आवाज वायसरला ऐकवला. तोच, बाजारातून पाठवलेला. सुमन गो, मला उशीर होईल, अंडी वायसरला उकडून ठेव, मॅडमला आत घे. फोन त्याच्या कानाशी धरला. त्यानं कान हलवला नाही. मान उचलली नाही. मी परत लावला, मोठा करून लावला. तो आपला जिभेनं पंजा चाटतोय. शैला, मला इतका संताप आला. एवढी वर्षं जिच्या हातचं खाल्लंस तिचा आवाज विसरलास? नमकहराम म्हटलं मी त्याला. जेवण वाढलं, पण त्याच्याशी बोलले नाही. आणि मग मलाच रडू फुटलं, कारण त्याला तू आठवत नसशील तर या घरात तुला आठवणारी मी एकटीच उरले.

त्या रडण्यातच मी ठरवलं की घर बदलायचं. तुझं काहीच करायचं राहिलं नव्हतं, भावानं सगळं केलं होतं. एवढं एक माझ्या हातात होतं. तू म्हणत होतीस ना, त्याला सोसत नाही, मग बदलते. जिंक तू.

देहूच्या बाजूला, नदीच्या अलीकडं एक घर कळलं. गोठ्याच्या मागं दोन खोल्या, शहाबादी फरशी, पुढं चिंचेचं झाड. मालक म्हातारे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी आधीच सांगून टाकलं की कुत्रा आहे, मांजर आहे, मी एकटी आहे, आणि मिस्टर नाहीत. ते म्हणाले, ऱ्हावा की. म्हशी हायेत आमच्या दारात, कुत्र्याचं काय यवढं? मी म्हटलं, अण्णा, मला एक दिवस राहून बघायचंय, गुरुवार सोडून. त्यांना काही कळलं नाही, पण किल्ली दिली. मंगळवारी सुट्टी टाकली, वायसरला रिक्षात घातलं आणि त्या रिकाम्या घरात सकाळपासून फरशीवर बसून राहिले. नुसती ऐकत. म्हशीच्या गळ्यातली घंटा, लांब कुठं तरी भजनाचा स्पीकर, एक मोटार पाण्याची. बाकी काही नाही. माझं डोकं असं हलकं झालं की मला भीतीच वाटली.

पण वायसर बसेना. हनुवटी फरशीला लावायचा, जरा थांबायचा, परत उठायचा. या भिंतीपाशी जा, त्या भिंतीपाशी जा, मध्येच माझ्याकडं बघ. एवढी शांतता त्याच्यासाठी शोधली आणि हा कासावीस. मी म्हटलं, आजारी पडला. तुझ्या मागं हाही जातोय की काय या भीतीनं मी त्याला तसाच उचलून तळवड्याच्या डॉक्टरांकडं नेला. डॉक्टरकडं न्यायचं काम कायम तुझं, मला तिथला वास सहन होत नाही, हे तुला माहीत आहे. त्या दिवशी वास कुठला आणि काय कुठलं.

डॉक्टर तरुण आहेत, पण तुझी ओळख त्यांना होती. तू गेल्याचं ऐकून त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग मी सगळं सांगितलं, प्रेसचं, नव्या घराचं, शांततेत तो कसा फिरतोय ते. ते माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, तुम्हाला ताईंनी सांगितलं नाही का? याला ऐकू येत नाही. पावसाळ्यातच सांगितलं होतं मी त्यांना. वयानं गेलं असेल, नक्की सांगता येत नाही. जमिनीचा हादरा तेवढा कळतो, म्हणून पाय आपटून बोलवा, असं मीच शिकवलं होतं त्यांना.

मला आधी काही समजेचना. म्हटलं, पण ती तर दिवाळीच्या आत घर बदलायचं म्हणत होती, त्याला आवाज सोसत नाही म्हणून. ऐकूच येत नव्हतं तर सोसायचं काय होतं त्याला?

डॉक्टरांनी वायसरला टेबलावरून खाली ठेवलं. मग म्हणाले, "मीही त्यांना तेच म्हटलं होतं, आता घाई करू नका. तर म्हणाल्या, घर बदलायचंच आहे डॉक्टर, माझ्या मैत्रिणीचं डोकं दुखतं. तिच्यासाठी बदलू म्हटलं तर ती जागची हलणार नाही. कुत्र्यासाठी म्हटलं तर निदान भांडेल तरी."

मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले. शेजारी एक बाई मांडीवर ससा घेऊन बसली होती, तिनं न विचारता पाण्याची बाटली पुढं केली. बाई गं, कसली तू पक्की. माझ्या ओढणीचं तुला सगळं कळत होतं. आणि मी समजत होते की मी तुला फसवतीय. प्रेसनंतर मला ओढत दुसरी घरं बघायला न्यायचीस तेव्हा तू विचारायचीस, झोपायची खोली कुठल्या बाजूला, सकाळी ऊन येतं का, शेजारी काय आहे. मी मनात म्हणायचे, दारात झोपणाऱ्या कुत्र्याला झोपायची खोली कशाला? पण एकदाही तोंडानं विचारलं नाही. मला राग आला तुझा, खरंच सांगते. तोंडावर का नाही बोललीस? मी ऐकलं असतं. नसतं ऐकलं. बरं, नसतं ऐकलं. पण तुला एवढं सांभाळून घ्यायला मी काय कुणाची नाजूक सून होते? माझ्यासाठी आजवर कुणी घर शोधलं नव्हतं, शैला. बापानं नवरा शोधला, नवऱ्यानं दुसरी शोधली. घर तूच शोधत होतीस, आणि तेही कुत्र्याचं नाव पुढं करून.

यातनं सुटका झाली असं समजू नकोस. उलट खरा पेच तिथून सुरू झाला. कारण कुत्र्यासाठी घर बदलायचं कारणच उरलं नाही. वर माझ्या लक्षात आलं की प्रेसचा हादरा हेच त्याचं घड्याळ झालंय. सकाळी फरशी हलायला लागली की तो ओट्याकडं तोंड करून बसतो. संध्याकाळी हलायची थांबली की उठतो आणि दारात जातो, कारण फर्स्ट शिफ्टला आपण त्याच सुमाराला यायचो. नव्या घरात म्हणूनच तो हनुवटी लावून शोधत होता. तुझा वासही तळवड्याच्याच घरात, पलंगाच्या त्या कडेला, दारामागच्या खुंटीला. आता तो सगळा आधार त्याच्याकडून काढून घ्यायचा, तो कशासाठी, तर माझं डोकं दुखतं म्हणून? आणि नाही काढून घेतला तर तुझं शेवटचं म्हणणंही मी मोडलं. तू म्हणायचीस, घर त्याला मानवलं पाहिजे. मग माझं काय, असं मी कधी विचारलं नव्हतं, आता विचारायला तू नव्हतीस. मी कितीतरी दिवस संध्याकाळी प्रेस थांबला की मागं जाऊन त्या बंद शटरकडं बघत बसले. कुणीतरी भात बघून यावं असं वाटत होतं.

शेवटी अण्णांना हो म्हटलं. बरोबर केलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एवढंच की त्याला जे शोधायचंय ते प्रेसच्या घरातही सापडणार नाही, आणि मला उरलेलं आयुष्य कपाळाला ओढणी बांधून काढायचं नाही. ती ओढणी सुटावी म्हणूनच तर तू घर शोधत होतीस.

सामान कालच्या गुरुवारी आणलं. दुसरा वार आपल्याला मिळतो कुठं? मालकीणबाई निरोप द्यायला आल्या, वायसरच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, आता सुनं सुनं वाटंल बगा. मॅडमला पिशवीत घालताना तिनं माझा हात ओरबाडला. थोडे दिवस कोंडून ठेवायला लागेल, नाहीतर परत त्या पत्र्यावर जाऊन बसेल. तिचा तसा बेत दिसतोच आहे.

सकाळी वायसर दाराकडं पाठ करून भिंतीशी पडला होता. ताटली भरून ठेवली तरी उठेना. मी दोनदा हाक मारली, मग आपलीच जीभ चावली. हाकेचा काय उपयोग? काय करायचं ते मला माहीत होतं. डॉक्टरांकडून आल्यापासून माहीत होतं, पण मी ते केलं नव्हतं. ताटली त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवायचे, हातानं हलवून उठवायचे, पण टाच आपटत नव्हते. टाच आपटली की त्याला वाटणार, तू आलीस.

पण असं किती दिवस चालणार? मी खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि आपटली. दोनदा, तुझ्यासारखीच. त्यानं मान वर केली, शैला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा शेपटी हलवली. मागचे पाय ओढत उठला, लगबगीनं आला, माझी दोन्ही पावलं हुंगली. मग मला वळसा घालून दारापाशी गेला आणि बाहेर बघत उभा राहिला.

मीही त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. दोघांनी बराच वेळ चिंचेखालच्या रस्त्याकडं बघितलं. मग मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "चल, खाऊन घे. ती नाही यायची आता."

त्याला ते ऐकू आलं नाही. मला आलं.